कोळेकरमामा आणि चंद्रावरचं बोअर

कोळेकरमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्कशॉपच्या फरशीवर आडवे पडले होते. मला वाटलं, चक्कर आली. मी धावत गेले, तर त्यांनी पडल्या पडल्याच हात वर करून मला थांबवलं. डावा कान फरशीला टेकलेला, डोळे मिटलेले. पलीकडे लेथ मशीन चालू होतं. मिनिटभरानं ते उठले, पँटची धूळ झटकली आणि म्हणाले, "म्याडम, ह्या मशीनचा मागचा पाय हलाय लागलाय. बोल्ट ढिला हाय."

बोल्ट खरंच ढिला होता.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. मामा आमच्या वर्कशॉपचे अटेंडंट. हजेरीपुस्तकात बिराप्पा कोळेकर असं नाव होतं, पण विद्यार्थ्यांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मंद्रूपच्या पलीकडे त्यांचं गाव. वडील मेंढरं राखायचे. मामा चौथीपर्यंत शाळेत गेले, काही वर्षं मेंढरांमागे हिंडले आणि मिसरूड फुटायच्या आत बोअरच्या गाडीवर कामाला लागले. त्या गाडीवर त्यांनी बावीस वर्षं काढली. कॉम्प्रेसरच्या शेजारी उभं राहून राहून उजवा कान पार गेला, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं आमच्या कॉलेजात आले. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला उभं राहावं लागे. नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. तो उजवीकडून बोलत राही आणि मामा शांतपणे त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून कान त्याच्याकडे करत.

यंत्राशी ते कानडीत बोलत. ड्रिलचं हँडल खाली घेताना "निधान, निधान" चालायचं, म्हणजे हळू, हळू. एकदा एका मुलानं विचारलं, "मामा, मशीनला मराठी कळत नाही का?"

"आमच्या गाडीचा डायवर विजापूरकडचा हुता," मामा म्हणाले. "गाडी त्याचंच ऐकायची. तवापासनं मी मशीनसंगं मराठी बोलायचं धाडसच केलं न्हाय."

त्यांच्या खिशात नेहमी एक खडू आणि एक लोहचुंबक असे. दिसेल ती माती चिमटीत धरायची, दोन बोटांत चोळायची आणि वास घ्यायचा, ही आणखी एक सवय. आमच्या ऑफिसच्या हेडक्लार्कनी शहराच्या जुळे सोलापूर भागात प्लॉट घेतला, तेव्हा त्यांनी मामांना मुद्दाम स्कूटरवर बसवून नेलं. बोअर कुठं घ्यायचं ते दाखवा म्हणाले. नारळ, काडी असला काही प्रकार मामा करतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. मामांनी शेजारच्या प्लॉटवर पडलेला बोअरचा चुरा हातात घेतला, चोळला, वास घेतला.

"खाली काळा पाषाण हाय. मधी एक पिवळा पट्टा यील."

"ते ठीक. पाणी लागेल का?"

"ते मी सांगणार न्हाय."

"अहो, बावीस वर्षं तुम्ही केलंत काय मग?"

"भोकं पाडली सायेब. त्यातली कैक कोरडी गेली. त्या घरच्या बाया घागरी मांडून उब्या असायच्या. त्यांच्या तोंडाकडं बगून बगून येवडंच शिकलो, की आदी बोलायचं न्हाय."

ही गोष्ट हेडक्लार्कनी आम्हाला चेष्टेनं सांगितली होती. मला ती चेष्टेची वाटली नाही. पण तेवढ्यावरच मी ती सोडून दिली, हेही खरं.

मामांची मला खरी ओळख झाली ती प्रणितामुळे. प्रणिता शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर. बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. एक दिवस ती माझ्या केबिनमध्ये एक पत्रक घेऊन आली. बंगळुरूजवळच्या एका संस्थेनं देशभरातल्या कॉलेजांसाठी स्पर्धा ठेवली होती. चंद्रावरच्या जमिनीतून बर्फ खणून काढणारं यंत्र बनवायचं. खऱ्या चंद्रावर अर्थातच नाही, संस्थेच्या हॉलमध्ये बांधलेल्या कृत्रिम खड्ड्यात. पण अटी जमतील तेवढ्या चंद्राच्या.

स्पर्धेसाठी टीम जमली तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये बसलो होतो. चार मुलं आणि प्रणिता. मी फळ्यावर चंद्र काढून अडचणी मांडत होते. माणसाला पृथ्वीबाहेर फार दिवस राहायचं असेल तर इथून पाणी वाहून नेणं परवडणारं नाही. तिथलंच काढावं लागेल. त्या पाण्यातून प्यायला मिळेल, श्वासाला ऑक्सिजन मिळेल, पुढच्या प्रवासाला इंधन मिळेल. चंद्राच्या ध्रुवांजवळ खोल विवरं आहेत, तिथे बर्फ असल्याच्या खुणा मिळाल्यात. पण तो टिकून आहे याचं कारणच असं, की त्या विवरांच्या तळाशी कधीच ऊन पडत नाही. आणि ऊन नाही म्हणजे सौर पॅनेलला वीज नाही. ऊन विवराच्या काठावर, बर्फ तळाशी. तळातलं यंत्र बॅटरीवर जेवढं चालेल तेवढंच.

मागून आवाज आला, "म्हंजे हीर एकीकडं अन् लाईट दुसरीकडं. आमच्या शेतातलंच हाय की हे."

मुलं हसली. मामा ड्रिल मशीन पुसत होते. फडकं खांद्यावर टाकून ते जवळ आले आणि माझ्या उजवीकडे, म्हणजे त्यांचा डावा कान माझ्याकडे येईल असे, उभे राहिले. "बोला म्याडम. आनकी काय काय नडतंय तितं?"

मी सांगितलं. तिथे प्रत्येक वस्तूचं वजन इथल्या सहाव्या हिश्शाएवढं. हवा नाही, त्यामुळे बोअरच्या गाडीसारखा चुरा हवेनं उडवून बाहेर काढता येत नाही. फिरून भोक पाडणारा बरमा पाण्यानं गार करता येत नाही. माती काचेच्या भुकटीसारखी, जिथं जाईल तिथं घासणारी.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग फळ्यावरच्या चंद्राकडे बघत म्हणाले, "हवा न्हाय, पाणी न्हाय, वजन न्हाय अन् लाईट बी न्हाय." थोडं थांबून पुढे म्हणाले, "लई चांगलं बोर हाय."

त्या दिवसापासून ते टीममध्ये आले. कुणी घेतलं नाही, ते आले. चंद्राची माती कुठून आणायची असा प्रश्न पडला तेव्हा खडीच्या क्रशरवर जाऊन काळ्या दगडाची बारीक भुकटी त्यांनीच आणली. वर्कशॉपच्या मागे हौद बांधून त्यात ती भरली. मुलांनी यंत्र तयार केलं, वरून दोर आणि वजनं लावून ते इतकं हलकं केलं, की त्याचा भार चंद्रावरच्याएवढा राहील. पहिल्या चाचणीला सगळा विभाग जमला.

प्रणितानं बटण दाबलं. बरमा मातीला टेकला आणि जागच्या जागी थांबला. त्याऐवजी सगळं यंत्रच त्याच्याभोवती गरगर फिरायला लागलं. दोर पिळत गेले, एक चाक निखळून भिंतीवर आदळलं. तेवढ्यात मामा हसले. मोठ्यानं, पोट धरून. प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आलं ते पाहिल्यावर एकदम गप्प झाले.

"पोरी, तुला हसलो न्हाय ग. मी पयल्यांदा गाडीवर चडलो तवा माजं असंच झालतं. रॉड फिरायचा सोडून मीच फिरलो हुतो."

दुसऱ्या दिवशी ते गावाकडून येताना लाकडी मेखा घेऊन आले. मेंढरं बसवायची जाळी ज्यांना बांधतात, त्या मेखा. हौदाच्या मातीत त्यांनी एक मेख सरळ ठोकली आणि प्रणिताला म्हणाले, "उपट." तिनं एका हातानं उपटली. मग त्यांनी चार मेखा तिरप्या ठोकल्या, समोरासमोरच्या दोन एकमेकींकडे तोंड करून, आणि चौघींना वर एक दोरी बांधली. "आता उपट."

प्रणितानं दोन्ही हातांनी ओढलं. चौघी मिळून मातीला धरून बसल्या होत्या.

"वजन नसलं म्हून काय झालं?" मामा म्हणाले. "आमची मेंढरं जाळीला धडका मारत्यात, जाळीला कुटं वजन असतं? जिमिनीलाच धराय सांगायचं. तिनं धरलं की मग बरमा फिरवायचा."

मुलांनी त्या मेखांच्या जागी स्क्रूसारखे चार बारीक तिरपे पाय केले. यंत्र आधी ते पाय सावकाश मातीत फिरवून रोवायचं, मग बरमा सुरू व्हायचा. दोर जसेच्या तसे राहिले, यंत्र हललं नाही. पहिलं भोक पडलं तेव्हा टाळ्या वाजवून मुलांनी वर्कशॉप दणाणून सोडलं.

पण खरा शत्रू वीज होती. ठरवून दिलेल्या छोट्या बॅटरीत खोल भोक पुरं व्हायचंच नाही. बरमा जसा खाली जाई, तसा वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा वर चढे आणि बॅटरी मान टाकी. मुलांनी मोटर बदलून पाहिली, धार बदलून पाहिली. मामा दोन दिवस मीटरच्या काट्याकडे नुसते बघत बसले. आवाज ऐकायची सवय असलेल्या माणसाला प्रणितानं तो काटा वाचायला शिकवला होता, आणि त्यांना तो फार आवडला होता. "ह्यो मुका बोलतोय की!" म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बरमा वर घ्यायला लावला आणि त्याच्या खाचा दाखवल्या. त्या भुकटीनं गच्च भरल्या होत्या.

"ह्ये बगा. खाल्लेलंच परत चावतोय ह्यो. सगळी ताकद त्यात चाललीय. तोंडात घास असताना दुसरा घास घ्याचा न्हाय. येक चावा घ्याचा, वर यायचं, थुकायचं, मग दुसरा चावा."

"पण मामा, वर-खाली करायलाही वीज लागतेच ना," प्रणिता म्हणाली.

"लागंल. करून बग."

तिनं करून बघितलं. चाव्याची खोली कमी-जास्त करत आठवडाभर आकडे मांडले. दर दोन बोटांनंतर वर येणारा बरमा एका दमात जाणाऱ्या बरम्यापेक्षा निम्म्याहून कमी वीज खात होता. ती कागद घेऊन पळत वर्कशॉपमध्ये आली. मामांना आकड्यांचे ते तक्ते कळायचे नाहीत. तिनं खडूनं फरशीवर दोन रेघा काढल्या, एक लांब, एक आखूड. मामांनी आखूड रेघेवर बूट ठेवला, मापलं आणि मान डोलावली.

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं नाही. सांधे घासू नयेत म्हणून तेल-ग्रीस चालणार नव्हतं, कारण धूळ चिकटून त्याचाच घासकागद झाला असता. मामांनी तोडगा काढला, पेन्सिलच्या शिशाची पूड. कुलपांना ते तीच घालत. दोन दिवसांनी प्रणितानं वाचून आणलं, की ही पूड निसरडी राहते ती हवेतल्या ओलाव्यामुळे. चंद्रावर ओलावा नाही, तिथे तीच पूड सांध्यांना झिजवील. त्या जागी दुसरी एक पूड लागते. मला वाटलं, मामा खट्टू होतील. त्यांचा चेहरा उजळला.

"शिशाला बी पाणी लागतंय?"

"हो मामा."

"येवडी वर्षं वापरलं अन् ठाव न्हवतं!" मग आठवडाभर माळ्यापासून वॉचमनपर्यंत भेटेल त्याला ते विचारत होते, "शिशाला पाणी लागतंय, ठाव हाय का तुमाला?"

मग रिव्ह्यूचा दिवस आला. प्राचार्यांनी आधीच सांगितलं होतं, की बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांसमोर यंत्र चाललं नाही, तर टीम बंगळुरूला जाणार नाही. यंत्र चाललं, उत्तम चाललं. पायांनी माती धरली, बरमा चावा घेत घेत तळापर्यंत गेला आणि बॅटरीत जीव शिल्लक राहिला. तज्ज्ञ गृहस्थ वाकून त्या तिरप्या पायांकडे बघत राहिले.

"फार सुंदर. ही कल्पना कुणाची?"

मामा दाराशी एक्स्टेन्शन बोर्डची वायर गुंडाळत उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. प्राचार्यांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "टीमची, सर."

त्या उत्तरात खोटं काही नव्हतं, आणि तरी ते खोटं होतं. मामांनी वायर गुंडाळून खुंटीला लावली आणि चहा सांगायला गेले. संध्याकाळी प्रणिता केबिनमध्ये आली. बसलीसुद्धा नाही.

"मॅडम, मामांचं नाव का नाही घेतलंत?"

"अगं, अधिकृतपणे ते टीममध्ये नाहीत."

"मग घ्या की."

कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी स्पर्धेचा फॉर्म काढला. त्यात तांत्रिक सल्लागारासाठी एक जागा होती. मामांना विचारलं, शिक्षण काय लिहू?

"चौथी लिवा. खोटं नको."

मी चौथी लिहिलं. त्याखाली लिहिलं, खडकात बोअर पाडण्याचा बावीस वर्षांचा अनुभव. फॉर्म घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला. "अटेंडंटला सल्लागार म्हणून पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

"सर, मामा नसतील तर नुसतं यंत्र पाठवण्यात अर्थ नाही," मी म्हणाले. "ते पाय त्यांचे आहेत. तो चावा त्यांचा आहे. काल मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

प्राचार्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सही केली.

मामांना मी वर्कशॉपमध्ये गाठलं. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेले होते, ती तिथे पोचेपर्यंत विसरले. "मामा, काल माझं चुकलं," एवढंच बाहेर पडलं.

ते ड्रिलचा पट्टा ताणत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्याडम, बोरला पाणी लागलं की गाव मालकाचं नाव घेतंय. गाडीवाल्याचं कोण घेतंय? सवय हाय." मग पट्टा सोडून माझ्याकडे वळले. "पर तुमी घेतलं. बरं वाटलं."

बंगळुरूला हॉलच्या मध्यभागी मोठा खड्डा होता, भुकटीनं भरलेला. तळाशी शीतयंत्राच्या नळ्या आणि त्यांच्यावर कुठेतरी मातीत मिसळून गोठवलेला बर्फाचा थर. किती खोल, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. यंत्र खड्ड्यात, माणसं काचेपलीकडच्या खोलीत. समोर अंधुक कॅमेऱ्याचं चित्र, मीटरचा काटा आणि घड्याळ. आवाज काही येत नव्हता. मामांनी आत आल्या आल्या काचेला डावा कान लावून पाहिला आणि मान हलवली. मग मागच्या बाकावर जाऊन बसले.

आमच्या आधी पाच कॉलेजांची यंत्रं उतरली होती. दोन गरगर फिरली. एकाची बॅटरी अर्ध्या वाटेत संपली. राहिलेली दोन खोल गेली, बर्फापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. बरमा मागेही येईना, पुढेही जाईना. कुणालाच कळेना की झालं काय. मामा बाकावरूनच त्या दोन्ही यंत्रांचं चित्र डोळे बारीक करून बघत होते.

आमची पाळी आली तेव्हा मामा खुर्ची ओढून थेट मीटरसमोर बसले. पाय रोवले गेले. चावा, वर, चावा, वर. प्रणिताचा हात बटणावर, मामांची नजर काट्यावर. "निधान, निधान," चाललंच होतं. बरंच खाली गेल्यावर काटा थोडा वर सरकला आणि थरथरला.

"खडक लागला," एक मुलगा म्हणाला. "प्रणिता, जोर वाढव."

"थांब!" मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की परीक्षकांनी वळून पाहिलं. "खडक न्हाय त्यो. वर घे. भायेर काड आदी!"

"मामा, वेळ कमी आहे."

"पोरी, काड म्हणतोय न्हवं!"

तिनं बरमा वर घेतला. तो अगदी मातीबाहेर येईपर्यंत मामा अर्धे उभे होते.

"आता ऱ्हाऊ दे हितंच. गार हुंदे."

"किती वेळ?"

"मी सांगतो."

घड्याळ पळत होतं. परीक्षकांपैकी एक जण जवळ येऊन उभा राहिला. मुलांची चुळबुळ सुरू झाली. मीही मामांकडे पाहिलं, आणि खरं सांगते, माझाही धीर सुटत आला होता. मामा बरम्याच्या चित्राकडे बघत हळू आवाजात प्रणिताला सांगत होते. बरमा घासून तापतो. तापला की बर्फ वितळतो. वितळलेलं पाणी क्षणात परत गोठतं आणि बरम्याला मिठी मारतं. मघाची दोन यंत्रं तशीच गेली. "त्यास्नी वाटलं खडक हाय, म्हून रेटलं. हितं रेटायचं न्हाय. गार हून जायाचं, येकच चावा घ्याचा, तापायच्या आत भायेर."

प्रणितानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बटणावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "तुम्ही म्हणाल तेव्हा."

मामांनी बोट वर केलं तेव्हा बरमा खाली गेला. अर्धा चावा, आणि वर. पुन्हा थांबायचं. पुन्हा अर्धा चावा. तिसऱ्या वेळी बरमा बाहेर आला आणि त्याच्या खाचांतल्या काळ्या भुकटीत काहीतरी चमकलं. पांढरं.

ते पांढरं यंत्राला लावलेल्या ताटलीत पडत राहिलं. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ताटली भरून सांडली होती आणि बॅटरीत अजून वीज होती. प्रणितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

मुख्य परीक्षक, पिकल्या केसांचे एक शास्त्रज्ञ, ताटली घेऊन आमच्याकडे आले. "हा निर्णय कुणी घेतला?"

या वेळी आम्ही सहाही जणांनी एकदम बोट केलं.

"तुम्हाला कसं कळलं, तो खडक नाही?" त्यांनी मामांना हिंदीत विचारलं. ते उजवीकडे उभे होते. मामांनी त्यांच्याभोवती अर्धी फेरी मारली, पुन्हा विचारायला सांगितलं आणि त्यांना येईल तशा हिंदीत उत्तर दिलं, "सायेब, पत्थर ढकलता हाय. ये पकडता था."

शास्त्रज्ञांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

मग मामांनी आपली पिशवी उघडली. आतून नारळ काढला, हळदी-कुंकवाची पुडी काढली. प्राचार्य असते तर त्यांना घेरी आली असती. मी पुढे होऊन म्हणाले, "मामा, इथे..."

"पाणी लागलंय म्याडम," मामा म्हणाले, जणू यापुढे काही समजावून सांगण्यासारखं उरलंच नव्हतं.

शास्त्रज्ञांनी क्षणभर पाहिलं, आणि पायांतले बूट काढून बाजूला ठेवले. मामांनी यंत्राला हळदी-कुंकू लावलं, ताटलीला लावलं आणि नारळ दाराबाहेरच्या पायरीवर फोडला. हरलेल्या कॉलेजांच्या मुलांनीसुद्धा हात पसरून खोबरं घेतलं.

निकाल लागला. पहिलं पारितोषिक आमचं. पण माझ्या लक्षात राहिला तो त्यानंतरचा फोन. ऐकू कमी येत असल्यामुळे मामा फोन नेहमी स्पीकरवर लावत. त्यांनी घरी लावला.

"लागलं ग," ते म्हणाले.

पलीकडून मामींनी शांतपणे विचारलं, "किती फुटावर?"

"अडीच."

"मंग लई खोल न्हाय की!"

हसण्यात आमची सगळी टीम बुडाली. मामाही हसले, पण डोळे पुसत. नंतर मला म्हणाले, "घागर घिऊन कुनी उबं न्हवतं हितं. तरी भ्या तेवडंच वाटलं बगा."

त्या वर्षअखेरीला ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात प्राचार्यांनी भाषण केलं आणि त्यात मामांचं नाव सात वेळा घेतलं. प्रणिता एका संशोधन प्रयोगशाळेत रुजू झाली. आणि सहा महिन्यांनी मामांना एक पत्र आलं. त्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत खरंखुरं यंत्र तयार होत होतं. चाचणीसाठी काही महिने येऊन राहाल का, असं विचारलं होतं. पत्र इंग्रजीत होतं. मामांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

मी त्यांना सोडायला सोलापूर स्टेशनवर गेले होते. दुपारची गाडी. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला पिवळा फेटा, आणि गळ्यात संस्थेनं पोस्टानं पाठवलेलं ओळखपत्र. मामी म्हणाल्या, ते दोन दिवसांपासून गळ्यातच आहे. खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या बाकावर अक्कलकोटला उतरणारे एक शेतकरी आजोबा बसले होते. त्यांनी फेट्याकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलं.

"कुटं निगाला पावनं?"

"बंगळूरला. कामाला."

"काय काम?"

"बोर मारायचं."

"येवड्या लांब जाऊन? कुनाच्या रानात?"

मामांनी खिडकीबाहेर मान वळवली. दुपारच्या निळ्या आकाशात चंद्राची फिकट कोर होती. त्यांनी बोट केलं. आजोबांनी वाकून बघितलं. बोटाच्या रेषेत पाहिलं, पुन्हा मामांकडे पाहिलं. मामांच्या चेहऱ्यावर चेष्टेची रेघही नव्हती. आजोबांनी बराच वेळ विचार केला.

"पाणी लागंल?"

गाडी हलली. फलाटावर माझ्याशेजारी मामींनी पदर डोळ्यांना लावला. मी गाडीबरोबर चार पावलं चालले. त्या खडखडाटातही मला मामांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"लागलं की कळवतो."